बिस्किटची पहिली आंघोळ

अल मुंतझा, दोहा
४ नोव्हेंबर २०२२

तीर्थस्वरूप संपतकाका,

दोह्याहून सुहासिनीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनाने पूर्ण आणि शरीराने अर्धा). काकूंच्या गुडघ्याला आता उतार पडला असेल. तुमचा खोकला काय म्हणतो? तंबाखू सुटली का, हे मी विचारत नाही, कारण तुम्ही हो म्हणाल आणि सुनेला ते खरं मानावं लागेल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर आलेलं तुम्ही वाचत नाही. ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ रविवारी कोल्हापूरला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र पाठवते आहे.

तुमचं पत्र पोचलं. वर्ल्डकप बघायला तुम्ही आणि तालमीच्या फुटबॉल संघातले चौघे जुने खेळाडू, असे पाच जण येताय, आणि ‘कुठंबी पथारी टाकू, सूनबाईनं काळजी करू नये’ असं तुम्ही लिहिलंत. वाचून मला भरून आलं. (तुमच्या पुतण्याला तर इतकं भरून आलं की त्याने मला न विचारता ‘बिनधास्त या’ म्हणून कळवून टाकलं.) कतारला वर्ल्डकप मिळाल्याची बातमी आली, तेव्हा तुम्ही अख्ख्या पेठेत पेढे वाटले होतेत आणि ‘आपला सुरेश तिथंच हाय की’ म्हणाला होतात. बारा वर्षं तुम्ही डोळे लावून बसलात, हे मी जाणते. तेव्हा यायलाच हवं, घर तुमचंच आहे. फक्त एक बारीकशी अडचण अशी, की पाहुण्यांच्या खोलीत सध्या साप आहे. घाबरू नका, पाळलेला आहे.

त्याचं असं झालं. आमच्या वरच्या मजल्यावर वॉल्टर आणि आयरीन राहायचे. माणसं वसईची, अगदी लाखातली. पण वर्ल्डकप जवळ आला तसं इथल्या काही घरमालकांच्या अंगात आलं. फुटबॉलच्या पाहुण्यांना जास्त भाड्याने द्यायचं म्हणून त्यांच्या मालकाने ऑगस्टअखेर फ्लॅट खाली करायला लावला. बिचारे अल वक्राला आयरीनच्या नणंदेकडे दोन खोल्यांत जाऊन राहिले. आता ही नणंद सापाचं चित्र छापलेलं वर्तमानपत्रसुद्धा उंबऱ्याच्या आत घेत नाही, आणि त्यांची मुलगी आंद्रिया हिचा जीव की प्राण म्हणजे एक साप! पोरीचं घर सुटलं, मैत्रिणी सुटल्या, निदान हा तरी सुटू नये म्हणून ती काचेची पेटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. ‘ठेव की, त्यात काय!’ असं कोण म्हणालं असेल? तुमच्या घराण्यात नाही म्हणायला कुणाला शिकवलंच नाही का हो? तर असा हा बिस्किट. रंग नारिंगी, लांबी माझ्या हाताहून जास्त, विष अजिबात नाही. नागपंचमीला पाटावर काढलेला नाग मी जन्मभर पुजला, पण तो पाटावरून उठून कधी माझ्याकडे बघत बसला नव्हता.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. या वाळवंटात राहून आमच्या घरात धूळ येते तीसुद्धा चपला बाहेर काढून येते. मी कंबर कसली, फिनेलची बाटली काढली, तर आंद्रिया किंचाळलीच. म्हणे फिनेल नको, डेटॉल नको, त्या वासानेच साप आजारी पडतो. साबणही नको. पाण्यात थोडं व्हिनेगर घालायचं, पेटी पुसायची, साध्या पाण्याने पुन्हा पुसायची, वाळवायची आणि मगच त्याला आत सोडायचं. घाण दिसली की हातमोजे घालून लगेच उचलायची. त्याचं पाण्याचं भांडं रोज धुवायचं, पण स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये चुकूनही नाही. आणि त्याला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, नंतर तर धुवायचेच, कारण त्याच्या अंगावरचे जंतू आपल्या पोटात गेले तर आपण आडवे. (हे शेवटचं मात्र मला फार पटलं. मी ते सगळ्यांनाच लागू केलं. पाण्याचे कॅन घेऊन येणारा हमीद ‘भाभीजी, मैंने तो साँप देखा भी नहीं’ म्हणत राहिला, तरी धुतले.) ह्यांनी एकदा मदत म्हणून पेटीचे कोपरे टूथब्रशने घासले आणि ब्रश धुऊन परत आमच्या ग्लासात ठेवला. कुणाचा, ते आठवेना. मी दोन्ही फेकून दिले.

आंघोळीचं प्रकरण आणखी वेगळं. सापाला रोज आंघोळ लागत नाही, हे ऐकून ह्यांना त्याचा हेवा वाटला. कात अडकली तरच कोमट पाण्यात बसवायचं, पाणी त्याच्या अर्ध्या अंगाइतकं, आणि एकट्याला सोडून जायचं नाही. कोमट म्हणजे किती, हे दोह्यात ठरवणं सोपं नाही हो. उन्हाळ्यात इथे गार नळाला चटका बसेल असं पाणी येतं, टाक्या गच्चीवर उन्हात तापतात ना! मग गीझर बंद ठेवायचा आणि गरम नळाचं पाणी गार म्हणून वापरायचं. हे मला पहिल्याच वर्षी कळलं. तुमचा पुतण्या मात्र अजून दर जूनमध्ये एकदा ओरडतो.

तर दिवाळीच्या तोंडावर बिस्किटचा रंग उतरला, डोळे दुधाळ झाले. कात टाकणार, त्याला हात लावू नका, असं आंद्रियाने फोनवर बजावलं. पुढे कात निघाली ती तुकड्यातुकड्यांनी, आणि शेपटीकडे एक जाड पट्टा तसाच चिकटून राहिला. काका, सैल झालेली पापडी समोर दिसत असताना तिला हात न लावता बसायचं म्हणजे माझी काय अवस्था झाली असेल! त्यातच नरकचतुर्दशी उजाडली. पहाटे घरातल्या सगळ्यांनी तेल-उटणं लावून न्हायचं आणि घरातला एक जीव पारोसा ठेवायचा? माझ्या मनाला काही ते पटेना. ह्यांच्या पाठीला तेल लावून झालं, ते टॉवेल गुंडाळून पाटावर बसले होते, तशीच मी हातमोजे चढवले, बिस्किटला बाहेर काढलं आणि तिळाचं कोमट तेल त्याच्या पाठीवर चोळलं (निदान मी तरी तिला पाठ समजले). वरून उटणं. तेल लावलेला साप हातात राहत नाही, हे कुणी तरी आधी सांगायला हवं होतं. सुळ्ळकन गेला. हातात नुसतं उटणं उरलं आणि बाकीचं सगळ्या फरशीभर.

फरशीवर पसारा पडला की मी आधी तो आवरते, बाकी जग नंतर. व्हॅक्यूम क्लीनर कोपऱ्यात होताच. प्लग लावला, बटणावर बोट ठेवलं, तेवढ्यात हे पाटावरून ओरडले, “शेपूट! अगं, शेपूट!” पाइपच्या तोंडातून चिकटलेल्या पट्ट्यासकट शेपूट आत चाललं होतं. बटण दाबलं असतं तर? त्या पोरीला मी कुठल्या तोंडाने सांगितलं असतं? मी प्लग उपटून फेकला आणि चक्क रडले.

आंद्रियाला फोन केला, ती मेट्रोने तडक आली. आल्याबरोबर तिने हात धुतले, एवढी शिस्त मला त्या अवस्थेतही दिसली. रागावली नाही, ते जास्त लागलं. तिने पाइप मशीनपासून सोडवला, त्याच्या तोंडाशी कोमट पाण्याची बाटली ठेवून उशीचा अभ्रा अंथरला आणि आम्हाला हलायचं नाही म्हणून दटावलं. हे तसेच पाटावर, तेलाने निथळत. बऱ्याच वेळाने स्वारी बाहेर आली, आणि पाहतो तर काय, चिकटलेला पट्टा पाइपच्या खाचांना घासून आतच निघून राहिलेला! माझ्या उटण्याला जे जमलं नाही ते पाइपने केलं. आंद्रियाने कोमट पाण्यात त्याचं तेल उतरवलं, पेटीत ठेवलं, पुन्हा हात धुतले आणि चकली खाताखाता म्हणाली, “आँटी, प्लीज, नो मोअर फेस्टिव्हल्स फॉर हिम.” मी मान हलवली.

सांगायचा मुद्दा, अशी ती खोली आहे. त्यात तुम्ही पाच जण, तुमच्या बॅगा, तुमचे बूट, आणि सापाची पेटी. एखाद्याने झोपेत झाकण सरकवलं तर? इथे पाहुण्यांसाठी तंबू ठोकलेत, लाकडी खोल्या बांधल्यात, बंदरात जहाजंसुद्धा येणार आहेत म्हणे. तुम्हाला तालमीच्या मोकळ्या हवेची सवय, तंबू बरा पडेल असं मला आपलं वाटतं.

काकूंना नमस्कार, लहानांना गोड पापे.

तुमची सून,
सुहासिनी

ता. क. : यायचं रद्द केलंत तरी मी मनाला लावून घेणार नाही, हे आवर्जून लिहिते.

ता. क. दुसरा : ह्यांनी पत्र वाचलं. खरं लिही, नाहीतर मी लिहितो म्हणतात. लिहिते. आयरीनला अल वक्रातच फ्लॅट मिळाला आणि गेल्या शुक्रवारी आंद्रिया बिस्किटला घेऊन गेली. खोली मोकळी आहे. वडीलधाऱ्यांशी खोटं बोलले, मोठ्या मनाने माफ करा.

ता. क. तिसरा (शनिवार) : सकाळपासून फडकं घेऊन तीनदा त्या खोलीत गेले, पुसायला काही नाही. आमचा शौनक कॅनडाला गेल्यापासून ती खोली अशीच चकचकीत असते, मधले दोन महिने काय ती राबती होती. काका, मला करमत नाही हो. तंबू-बिंबू काही नको, पाचही जण बुटांसकट इकडेच या. आत्ताच दुकानातून पाच गाद्या आणल्या आहेत आणि दुकानदार त्या परत घेत नाही.