चौदाव्या प्रश्नाचा खुलासा

ती. गेणभाऊ दाजी यांस हौशीरामचा वाकून नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला नवं तेल लागू पडलं का ते कळवा. आक्काची शुगर खाली आली असेल तर तिलाही नमस्कार सांगा. आली नसेल तर तिला म्हणावं, बिनसाखरेच्या चहात चार बिस्किटं बुडवून काही फायदा नाही. इकडं वाडीवर एकोणीस पोरं आणि आम्ही दोन मास्तर खुशाल आहोत. खुशाल म्हणजे अंगात ताप नाही इतकंच, डोक्यात आहे.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की नोटीस आलीय तर दोन ओळींची माफी लिही आणि मोकळा हो. तुम्ही केंद्रप्रमुख म्हणून रिटायर झालेले, मी तुमचा मेहुणा, म्हणून मी हो हो केलं. पण फोन ठेवल्यापासून तळपायाची आग मस्तकात गेलीय ती उतरेना. अकरा वर्षं या आहुप्याच्या बाजूला डोंगरात काढल्यावर यंदा तुमच्या वारूळवाडीच्या बदलीच्या यादीत माझं नाव आलंय. नोटिशीचा डाग राहिला तर ते कटणार, आणि कटलं तर आमच्या शौर्यची आई मला उंबऱ्याच्या आत घेणार नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी माफी लिहवत नाही. का, ते निवांत बसून वाचा.

या महिन्यात पोरांची ती नवी परीक्षा झाली. (गेल्या वर्षीची नवी परीक्षा जुनी झाली म्हणून ही काढली. हिचं नाव मला अजून पाठ नाही, आणि पाठ होईस्तोवर तेही बदलेल.) तिच्यात चौदावा प्रश्न असा, की चित्रात एक शेत, शेतात जाळ, वर धूर, आणि खाली छापलंय, 'शेतात आग लागली आहे. यानंतर तुम्ही काय कराल?' उत्तरसूचीतलं उत्तर, 'मोठ्यांना हाक मारू व आग विझवू.' आमच्या तिसरी ते पाचवीच्या अकराच्या अकरा पोरांनी लिहिलं, 'बी पेरू.'

आता दाजी, तुमच्याकडं टोमॅटो आणि द्राक्षं, आपल्या पिंपरी पेंढारला कांदा, त्यामुळं राब म्हणजे काय हे मलाही इथं येईपर्यंत माहीत नव्हतं. इथं भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, त्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण, माती असं थरावर थर रचतात आणि उन्हाळ्यात ते भाजून काढतात. तण जळतं, जमिनीला राख मिळते आणि पाऊस तोंडावर आला की तिथं बी पेरतात. पोरं आदल्याच आठवड्यात आईबापाबरोबर राब भाजून आलेली, केसांना अजून धुराचा वास. त्यांना शेतातला जाळ दाखवून पुढं काय विचारलं, तर ती काय फायर ब्रिगेड बोलवतील? (ती बोलावली तरी घोडेगावच्या पुढं रस्ता विचारत विचारत दिवाळीला पोहोचेल.) हा प्रश्न काढणारा गाढव आयुष्यात एकदा तरी डोंगर चढला असता, तर पुढचं रामायण झालंच नसतं.

अकरा जणांचं उत्तर चुकलं म्हणून अकराही पोरं 'परिस्थितीनुरूप विचार' या रकान्यात अप्रगत ठरली. वर कॉम्प्युटरनं शोध लावला की अकराही चुका शब्दाला शब्द सारख्या आहेत, म्हणजे सामूहिक कॉपी. झालं, चौकशीला पथक आलं. साहेब गाडीतून उतरले ते आधी सिग्नल शोधत शाळेला दोन फेऱ्या मारून आले. बरोबरच्या मॅडम मात्र मायेनं बोलणाऱ्या. त्यांनी चौथीतल्या मोहिनीला जवळ घेतलं आणि विचारलं, आग लागल्यावर काय करायचं बाळ? मोहिनी म्हणाली, "आदी वारा बगायचा, कडंनी हुबं ऱ्हायाचं, अन् गार झाल्यावं बी पेरायचं." हे तुला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर ती हसली. "त्यात काय सांगायचंय? सगळ्यान्लाच ठावं हाये." मॅडमनी लगेच टिपून घेतलं की उत्तर सर्व विद्यार्थ्यांना आधीपासून ज्ञात होते. तेच वाक्य आता माझ्या नोटिशीत पुरावा म्हणून आहे.

संताप कशाचा येतो, सांगू? याच लोकांनी गेल्या पावसाळ्यात आम्हाला तीन दिवस घोडेगावला प्रभावी अध्यापनाच्या ट्रेनिंगला बसवलं. पडद्यावर हे मोठ्या अक्षरात, 'मुलाच्या अनुभवातून शिकवा, परिसराशी जोडा.' मला ते मनापासून पटलं. (ट्रेनिंगमधली एखादी गोष्ट पटायची माझी ही पहिलीच वेळ, आणि तिनंच मला अद्दल घडवली.) मी पोरांना राबाच्या तुकड्यावर नेऊन परिमिती मोजायला शिकवली, क्षेत्रफळ काढायला लावलं, राखेवर निबंध लिहून घेतला. जी मोहिनी दोन वर्षं पुस्तकात तोंड खुपसून गप बसायची, ती त्या दिवशी मलाच विचारते, "गुर्जी, राख काळी आसून भात पांडरा कसा?" शिकवणं म्हणतात ते हेच, असं मी छातीठोक सांगतो. पोरानं मान वर करून 'असं का' विचारलं की तो तास झाला. याला रकाना नाही. रकाना आहे हसऱ्या पोरांच्या फोटोला. आनंददायी शिक्षणाचे पाच फोटो दर शनिवारी पाठवायचे, आणि एकाची दाढ दुखत होती म्हणून फोटो नापास होऊन परत आला.

पथक गेल्यावर मोहिनी माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "गुर्जी, मंग आमचा बा दरसाल चुकीचंच करतो का?" दाजी, बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबानं मला इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. मी माफी लिहिली, तर या पोरीला कागदावर सही करून सांगितल्यासारखं होईल की हो, तुझा बाप चुकतो, तूही चुकलीस. ते माझ्याच्यानं होणार नाही. खुलाशाची मुदत शुक्रवारी संपते.

तुमचा आज्ञाधारक (एवढी एक आज्ञा सोडून),
हौशीराम

ता. क. माफीचा कागद तुमच्या शब्दाखातर लिहून सोबत जोडलाय. सही केलेली नाही.

ता. क. दुसरा. प्रश्नपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात प्रश्न काढणाऱ्यांची नावं आहेत. अकरा ते पंधरा या प्रश्नांपुढं तुमचं नाव, खाली 'सेवानिवृत्त केंद्रप्रमुख, वारूळवाडी'. वरचा मजकूर लिहिताना मला हे माहीत नव्हतं असं आपण दोघं धरून चालू. खाडाखोड मात्र करत नाही, पत्र घाण दिसतं.

तर आता मुख्य काम. तुम्ही तुमच्या हातानं एक ओळ लिहून शुक्रवारच्या आत ऑफिसात द्या, की 'बी पेरू' हे उत्तर बरोबर आहे आणि प्रश्न माझा चुकला. माझ्या बदलीचं व्हायचं ते होवो. मी मोहिनीला सांगून बसलोय की प्रश्न काढणारे माझे दाजी आहेत, भले माणूस आहेत, चुकलं तर कबूल करतील. तिनं एवढंच विचारलं, "मोठी मान्सं कबूल करत्यात व्हय, गुर्जी?" मी हो म्हटलंय.