खुर्ची जिथे सापडेल तिथे बसावे

मी, खाली सही करणारी, या घराची व त्यामागच्या बागेची एकमेव मालक, तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य अशा प्रत्येक कागदात असते आणि सहसा कोणी ते वाचत नाही. माझ्या मुलाने ते दोनदा वाचावे, कारण पुढचा मजकूर वाचून तो नेमकी यालाच हरकत घेईल. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घेतले आणि मगच पेन उचलले.

कलम १. बँकेतील ठेवी व मोटारगाडी मुलाला द्यावी. गाडी उभी करायला जागा मात्र त्याने स्वतःची शोधावी. माझी तर्कशास्त्राची पुस्तकेही त्यालाच द्यावीत. लहानपणी त्याने ती उशाखाली घेतली होती. आता उघडून पाहावीत.

कलम २. घर, बाग, आणि कात्र्या, खुरपी, झारी, दोरी, खुंट्या ही सर्व हत्यारे सूनबाईला द्यावीत. मुलाला नाही, दोघांना मिळूनही नाही. कारण सांगायला मी कायद्याने बांधलेली नाही; पण कारणावाचून निष्कर्ष मांडण्याची मला सवय नाही.

माझे पती कचेरीत नकाशे काढत असत. या बागेचा नकाशा मात्र त्यांनी कधीच काढला नाही. “कागदावर बाग वरून दिसते,” ते म्हणत. “आपण काय घारी आहोत?” त्यांची रीत अशी की आधी खुर्ची, मग झाड. वेताची खुर्ची मोकळ्या जमिनीवर मांडायची, मला तीत बसवायचे, आणि मागे उभे राहून विचारायचे, “काय दिसतं?”

“शेजाऱ्यांची टाकी.”

“आणखी?”

“टाकीवर वाळत घातलेले त्यांचे पायजमे.”

दुसऱ्याच दिवशी तिथे बांबू आला. पायवाट आधी सरळ आखली, तेव्हा फाटकातूनच मागची भिंत दिसू लागली. मग त्यांनी पाण्याचा पाइप जमिनीवर टाकून वळण बसवले, त्यावरून चुन्याची फक्की मारली आणि मला पुन्हा बसवले.

“आता?”

“वाट कुठे जाते ते कळत नाही.”

“मग झालं.”

अशी सारी बाग माझ्या नजरेने आखली गेली. पुढे उंच, मागे ठेंगणे, ही आमची सुरुवातीची चूकही अशीच बसल्या जागी सापडली आणि कर्दळ गुलाबांच्या मागे गेली. मागून येणारा तो प्रश्न इतक्यांदा ऐकला, की उत्तर देताना मान वळवायची गरज मला कधी पडली नाही.

ते गेल्यावर मी खुर्ची व्हरांड्यात, भिंतीला टेकवून ठेवू लागले. एका सकाळी ती गुलाबांच्या वाफ्यापाशी होती, तोंड कुंपणाकडे. मी बसले. बांबूचे एक बेट वाळून फट पडली होती, आणि फटीत टाकी होती. मी नवा बांबू लावला. त्यानंतर खुर्ची जागची हलली नाही. पुढे कर्दळ माजली तेव्हा ती हलली; नेचे जळाले तेव्हाही हलली. बाग नीट असली की खुर्ची स्वस्थ असते. मी भूतप्रेत मानत नाही. जे पाहिले तेवढे सांगते.

मुलाला सांगितले, तर म्हणाला, “आई, तूच हलवतेस आणि विसरतेस.” गृहीतक वाईट नव्हते. पण पुढे माझे मांडीचे हाड मोडले आणि मी खालच्या खोलीत खिडकीशी पलंगाला खिळले. त्या दिवसांत एका सकाळी खुर्ची पायवाटेच्या वळणावर उभी दिसली. सूनबाई बागेत आली. तिला खुर्चीबद्दल कोणी काही बोलले नव्हते; मुलाला त्या गोष्टीची लाज वाटे. सासऱ्यांना तर तिने पाहिलेलेही नाही. ती सहज बसली. मग मान जराशी तिरपी केली, मागून कोणी बोलले की आपण करतो तशी, आणि स्पष्ट म्हणाली, “भिंत दिसतेय.”

आत येऊन मला म्हणाली, “आई, वळणावरची जाई खाली आलीय हो. भिंत पार उघडी पडलीय.”

“तू बोलत कोणाशी होतीस?”

“ह्यांनी विचारलं ना मागून, काय दिसतं म्हणून.”

मुलगा तेव्हा वरच्या खोलीत घोरत होता. आम्हा दोघींनाही ते ऐकू येत होते. तिने छताकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि जाई बांधायला गेली.

मुलगा म्हणाला, “मग वारा असेल.” वारा खुर्ची पाडतो, वळवून चारही पायांवर उभी करत नाही. “मग असेल काहीतरी! फरशी टाकू, म्हणजे प्रश्नच मिटला. दोन गाड्या आरामात मावतील.”

“एक तुझी. दुसरी कोणाची?”

“भाड्याने देऊ गं!”

त्याच आठवड्यात तो फरशीवाल्याला टेपसह घेऊन आला. प्रश्न मिटवणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. जन्मभर परक्यांच्या मुलांना हे शिकवले. दिव्याखाली अंधार राहिला.

कलम ३. बागेत कोणी फरशी टाकल्यास घर व बाग टाकीवाल्या शेजाऱ्यांकडे जाईल. त्यांच्यावर माझा किती लोभ आहे, हे मुलगा जाणतो. या कलमामुळे त्यांना साक्षीदार केलेले नाही.

कलम ४. हे कलम सूनबाईसाठी आहे. अलीकडे खुर्ची रोज बागेच्या पार टोकाला, लिंबाच्या झाडाखाली सापडते, तोंड घराकडे. तिथे बसवून पतींनी मला एकदाच विचारले होते. मी म्हटले होते, “आपलं घर.” ते म्हणाले, “मग इथे काही लावायचं नाही,” आणि बाग पुरी झाली. तेव्हा त्या देखाव्यात दोष असेल तर तो काही लावण्याचा नव्हे, तिथले काहीतरी काढून टाकण्याचाच असणार. मी काठी टेकत जाऊन बसते. वेल पाहिले, कौले पाहिली, रंग पाहिला. सर्व ठीक आहे. उरते माझी खिडकी आणि तिच्यातून दिसणारा माझा पलंग. काल मी मोठ्याने “आपलं घर” म्हणून पाहिले. आज खुर्ची पुन्हा तिथेच आहे. भीती वाटत नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. म्हणून हा कागद आजच पुरा करते.

मुली, खुर्ची कुलपात ठेवू नकोस. सकाळी जिथे सापडेल तिथे बस. मागे वळू नकोस. जे दिसेल ते मोठ्याने सांग, आणि मला बरे वाटावे म्हणून चांगले सांगू नकोस. प्रश्न यापुढे बाईच्या आवाजात आला, तर दचकू नकोस.

स्थळ: लिंबाखाली, खुर्चीत बसून
दिनांक: सतरा फेब्रुवारी
सही: घरमालकीण

साक्षीदार, ज्यांनी ही सही होताना पाहिली आणि ज्यांना या कागदाने काहीही मिळत नाही:
१. घरचे डॉक्टर. (तपासले. शुद्ध पूर्ण आहे.)
२. समोरच्या घरातल्या शिंपीणबाई. (वाचून दाखवले, समजले. सही करताना घरमालकीणबाईंनी मान थोडी तिरपी करून “हो, येते” असे म्हटले. आम्ही दोघे त्यांच्या समोर उभे होतो.)