सासूबाईंच्या मशीनचं दातेरी चाक

४ एप्रिल
सासूबाईंच्या शिलाई मशीनमधलं नायलॉनचं चाक तुटलं. हातात शाळेच्या गणवेशांची ऑर्डर. दुरुस्तीवाल्याला बोलावते म्हणाल्या. मी अडवलं. घरात वस्तू छापणारा लेझरचा थ्रीडी प्रिंटर असताना बाहेरचा माणूस कशाला? दोन दिवसांत चाक देतो म्हणालो. त्यांनी कपाळाला हात लावला. भारावल्या असाव्यात.

५ एप्रिल, सकाळ
आधीचे दोन प्रिंटर असताना हा तिसरा कशाला, असं बायकोने विचारलं. शांतपणे समजावलं. पहिला प्लास्टिकची तार वितळवून थर रचतो. स्वस्त, पण चाक थरांवरच उकलतं. दुसरा रेझिनचा. काम देखणं, पण चाक ठिसूळ, वर घाण वास. हा नायलॉनची पावडर लेझरने सांधतो. मजबूत. भोवतीची पावडरच वस्तूला धरून ठेवते, टेकू लागत नाहीत. शिवाय परवडणारा. कारखान्यातल्या मशीनच्या मानाने. आपल्या पगाराच्या मानाने काय, असं तिने विचारलं. हिला तुलना करता येत नाही.

६ एप्रिल
छापून झालं. छापायला लागला तेवढाच वेळ थंड होऊ द्या, असं पुस्तिकेत आहे. असल्या सूचना घाबरटांसाठी. उघडलं.
चाक वाकडं.

७ एप्रिल
उरलेली पावडर चाळून परत वापरायची असते. स्वयंपाकघरातली चाळणी झकास चालली. पावडर फार बारीक. सोफ्यावर गेली, पडद्यांवर गेली, बायकोच्या ऑफिसच्या काळ्या ड्रेसवर गेली. ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.
संकल्प: नवी चाळणी आणणे. चिडायचं नाही.

९ एप्रिल
सासूबाईंकडे गेलो. जिन्यात मशीनचा आवाज येत होता, बेल वाजवली तसा थांबला. शेजारी कोणीतरी शिवत असेल. थोडा उशीर होतोय म्हणालो. सावकाश होऊ द्या जावईबापू, म्हणाल्या. किती धीर! शिवलेल्या शर्टांचा ढीग मागच्या वेळेपेक्षा मोठा वाटला. नजरेचा दोष. चष्म्याचा नंबर तपासायला हवा.

११ एप्रिल
यावेळी थंड होऊ दिलं. चाक सरळ, पण आकसलेलं. आकसण्याचा हिशेब पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे. शेवटचं पान कोण वाचतं? मेहुण्याचा फोन. तारेच्या प्रिंटरवर एव्हाना डझनभर चाकं झाली असती म्हणाला. जळतो.

१४ एप्रिल
जमलं. दाते असे की बघत राहावं. बायकोसुद्धा छान म्हणाली. मग आतल्या खोलीत जाऊन आईशी हळू आवाजात फोनवर बोलली. माझ्या स्वागताची तयारी.

१५ एप्रिल
आधी चहा घ्या म्हणून सासूबाई मागे लागल्या. ऐकलं नाही. स्क्रू काढून मशीनचं खालचं झाकण उघडलं. आत नवंकोरं चाक. तेल घातलेलं.
दुरुस्तीवाला चार तारखेलाच संध्याकाळी येऊन गेला होता. शाळा थांबणार नव्हती. तुमचा हिरमोड नको म्हणून बोलले नाही, म्हणाल्या. बायकोला सगळं ठाऊक. माझं चाक त्यांनी उजेडात फिरवून पाहिलं, दुकानातल्याहून सुबक आहे, जपून ठेवते म्हणाल्या. मला वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं, ते का ते कळलं नाही.
काही मदत करू का, असं विचारलं. बटणं लावायची होती. सुईत दोरा त्यांनीच ओवून दिला. पाच शर्टांना लावली. काम सोपं आहे, माझा हात बसलाय.
मग चहा घेतला. कप आत ठेवून आलो तर सासूबाई मी लावलेली बटणं उसवत होत्या. मला पाहून थांबल्या.