पंधरावा ब्रेकर

नागपूर
४ जानेवारी २०२५

ती. कौसल्याआत्यास,
उर्वशीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं मशीन पुन्हा पेटीत ठेवून दिलंस हे काही बरं केलं नाहीस. पण त्यामुळेच फोनऐवजी तुझी पत्रं येतात, म्हणून फार रागावत नाही.

बातमी अशी, की मी गाडी घेतली. बावीस वर्षांची जुनी, लाल, दोनच सीटची स्पोर्ट्स कार. एका गिऱ्हाइकानं तिच्यावर ताडपत्री टाकून आशा सोडली होती. सहा महिने रविवारी-रविवारी राबून मी तिचं इंजिन उभं केलं. खोड एकच. तिचं पोट जमिनीपासून चार इंचांवर आहे. गॅरेजच्या उंबऱ्यावरून काढतानासुद्धा मी श्वास धरून बसते.

३१ तारखेला बाबा एस.टी.तून निवृत्त होतात. त्या दिवशी पांढरकवडा डेपोतून त्यांना ह्या गाडीत बसवून गावी न्यायचं माझ्या मनात आहे. जन्मभर त्यांनी लोकांना घरी पोचवलं, एक दिवस त्यांना कुणीतरी पोचवावं. पण जिल्हा परिषदेची इंजिनीअरची नोकरी सोडून मी गॅरेज टाकलं त्याला तीन वर्षं झाली, आणि तेवढीच वर्षं बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आई फोनवर बोलते तेव्हा जवळ बसून ऐकतात म्हणे, पण फोन हातात घेत नाहीत. तू त्यांची मोठी बहीण. तू लिहून पाहा.

माझ्यावर नेहमीसारखी ओरडत राहा, म्हणजे मला बरं वाटतं.
तुझी,
उर्वशी


उमरखेड
९ जानेवारी २०२५

चि. उर्वशीस,
कौसल्याचे अ. उ. आ.

पत्रासोबतचा फोटो पाहिला. गाडी कसली, घोरपड आहे ती. शेजारच्या मथुराबाईला दाखवला, तर तिनं विचारलं की उरलेली गाडी जमिनीत गाडली का.

डेपोपासून तुमच्या गावापर्यंतचा अकरा किलोमीटरचा रस्ता विसरलीस वाटतं. ते ब्रेकर आहेत की शेताचे धुरे-बांध, याचा निकाल अजून लागलेला नाही. मागे मी बसनं आले तेव्हा शाळेजवळ माझं डोकं टपाला लागलं होतं, आणि बस चालवत होता तुझाच बाप.

डोमाजीला लिहिलं. दोन ओळींचं कार्ड आलं: तब्येत बरी, तूर बरी. तुझं नाव नाही. तो लहानपणीही रुसला की पिकाची माहिती द्यायचा. तू मनाला लावून घेऊ नकोस. आधी एकदा गुपचूप जाऊन रस्ता पाहून ये. हारतुऱ्यांच्या दिवशी फजिती नको.

जेवणाकडे लक्ष दे, लोखंड खाऊन पोट भरत नाही.
तुझी आत्या,
कौसल्या


नागपूर
१६ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

गुपचूप गेले. गुपचूप राहिलं मात्र काहीच नाही.

पांढरकवड्यापर्यंत महामार्गावर गाडी नुसती तरंगत आली. गावच्या रस्त्याला वळले आणि कापसाच्या जिनिंगजवळच्या दुसऱ्याच ब्रेकरवर तिचं पोट टेकलं. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि गाडी मधोमध टांगलेली. मी रेस देतेय, मागे नुसती धूळ. कापूस वेचायला निघालेल्या सहा बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पुढं आमच्या गावची रामीबाई. तिनं विचारलं, कावं, हे गाडी अंडे देऊन राह्यली का? मग मला दटावलं, का आधी खाली उतर, तुहं वजन काय कमी हाय? चौघींनी मागून उचलून धरलं, दोघींनी ढकललं. गाडी सुटली, पण सायलेन्सर तिथेच राहिला. कुंपणाच्या तारेनं बांधून परत आणला. निघताना रामीबाईनं माझं तोंड न्याहाळलं आणि नाकावरून ओळखलं, की ही डोमाजी डायवरची पोरगी. आता सांगायला कोण उरलं असेल?

स्प्रिंगांखाली पॅकिंग घालून गाडी इंचभर उचलली आहे. पोटाखाली लोखंडी पत्रा लावला आहे. याहून जास्त उचलली तर गाडी वळणावर डुलेल. आत्या, मला गाडीची काळजी नाही. बाबांना हे हसं वाटेल याची आहे.

तुझ्या आशीर्वादाच्या आधारानं उभी,
उर्वशी


ता. केळापूर
२१ जानेवारी २०२५

चि. उर्वशीस,
डोमाजीचे आशीर्वाद.

पत्र लिहायचं कारण एवढंच, का रामीबाईनं तुह्या गाडीची गोष्ट भर बाजारात सांगतली. आता डेपोत जो तो मले विचारून राह्यला, का डोमाजी, पोरीची गाडी जमिनीतून निघाली का. उत्तर देता आलं पाह्यजे म्हणून काल सायकल काढली अन् टेप घेऊन सारे ब्रेकर मोजले. चौदा हायेत.

पह्यला नरम हाय. जिनिंगजवळचा सहा इंच, तिथं तू अडकली ते बरोबरच हाय. शाळेजवळचा सात इंच अन् वरून धारदार, तो सगळ्यात वाईट. पुढं विहिरीजवळच्याले उजव्या अंगाले ट्रॅक्टरच्या चाकानं खाच पडली हाय, तिथून काढ. बाकीचे तुह्या गाडीले जमतीन. कोणताच ब्रेकर सरळ घेऊ नको. गाडी तिरपी कर, एक चाक चढव, ते उतरलं का दुसरं. ब्रेकरवर ब्रेक दाबू नको, गाडीचं नाक खाली जाते. आधीच हळू कर अन् मग सोडून दे.

नोकरी सोडली त्याचा मले राग नाही. तू मले विचारलं नाही, नुसतं सांगतलं, अन् तेही आईच्या तोंडून. राग त्याचा हाय.

मी त्या गाडीत बसीन असं लिहून नाही राह्यलो. रस्ता सांगून राह्यलो.

सांभाळून चालव.
डोमाजी


नागपूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

बाबांनी चौदा ब्रेकर मोजून पत्र पाठवलं, त्याला मी एकाच ओळीचं उत्तर लिहिलं होतं: बाबा, ३१ला तुम्हाला न्यायला येऊ का? त्यांचं उत्तर आलं नाही. नाही म्हणाले नाहीत, एवढ्यावर मी गेले.

डेपोत हार झाले, भाषणं झाली. बाबा बाहेर आले, गाडीला एक फेरी मारली, आणि म्हणाले, का हिच्यात बसायचं का हिले घालायचं? दोन मित्रांच्या खांद्याला धरून खाली बसले. एकतीस वर्षं बसच्या उंचीवरून रस्ता पाहिलेला माणूस. बाजूनं ट्रक गेला तर त्याचं चाक त्यांच्या कानाशी. त्यांनी डोळेच मिटले.

पण पहिल्या ब्रेकरला स्वतःच उतरले. गळ्यात हार, हातात नारळ, आणि पुढे उलटं चालत मला हातानं खुणा करू लागले. येऊ दे, येऊ दे, डाव्या अंगानं काट. असे चौदा ब्रेकर. शाळेजवळ तर मुलांनी वर्ग सोडून टाळ्या वाजवल्या. कुठेच घासलं नाही.

आणि गावाच्या तोंडाशी पंधरावा! दोन दिवसांपूर्वीच कुणीतरी मुरूम टाकून केलेला, बाबांच्या मोजणीत नसलेला. ते फार चिडले. आपण मोजलेल्या रस्त्यानं आपल्याला फसवलं, असा चेहरा. रामीबाई आणि बाया उचलायला आल्या, तर त्यांनी हात दाखवून थांबवलं, आणि माझ्याकडे किल्ली मागितली.

मी दिली. त्यांनी गाडी तिरपी केली, एक चाक चढवलं, दुसरं चढवलं. मग सवयीनं ब्रेक दाबला. आत्या, कर्रर्र असा आवाज झाला आणि सायलेन्सर खाली. एकतीस वर्षांत ज्यांनी बसला ओरखडा येऊ दिला नाही, त्यांनी निवृत्तीच्या दीड तासात माझी गाडी मोडली. सारं गाव बघत होतं. बाबा खिडकीतून माझ्याकडे वर पाहत राहिले आणि अगदी हळू विचारलं, का आता काय करू, पोरी?

तीन वर्षांनी पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं गं. मी नव्या साडीनिशी गाडीखाली शिरले, कारण वर राहिले असते तर रडले असते.

अशीच मायेनं बांधून ठेव.
उर्वशी


ता. केळापूर
५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
डोमाजीचा जयभीम. वि. वि.

निरोप समारंभ चांगला झाला. उर्वशी गाडी घेऊन आलती. गाडी बरी हाय, फक्त बसल्यावर माणूस पाहुण्याच्या घरच्या पाटावर बसल्यासारखा दिसते. गावाजवळ पोरीनं थोडीशी घासली. नवीन हात हाय, होते असं. मी तिले काही बोललो नाही.

सायलेन्सर तिनं अर्ध्या घंट्यात बसवला. तिनं खालून मागितला तो पाना मी देत होतो. दोनदा चुकीचा देला, तर माह्यावर वरडली. गावासमोर. कोणी विचारलं तर मी सांगतलं, का तिले काम करू द्या, ते इंजिनीअर हाय.

सोमवारी मी नागपूरले जाऊन राह्यलो. ती म्हणते आठ दिवस राहा, गॅरेजमध्ये पाने ओळखायले शिकवते. जाऊ का नको, ते मी कोणाले विचारलं नाही. थैली भरली हाय.

तब्येतीले जप, अन् मशीन कानाले लाव. मले आता फोनवर बोलायचं हाय.
तुहा भाऊ,
डोमाजी