अध्यक्षांच्या हातातल्या कुबड्या

१ जानेवारी १९८१
आजपासून जागतिक अपंग वर्ष. संकल्प पहिला: बोलणे कमी, काम जास्त. सायंकाळी मंडळाचा अध्यक्ष या नात्याने चौकात दीड तास याच संकल्पावर बोललो. ‘दया नको, मैदान द्या!’ टाळ्या थांबेनात. मग कुबड्या टेकत एक बाई पुढे आली. कळंब्याची शालूबाई, भाजी विकते. लहानपणी पोलिओ. खुर्चीत बसून गोळा फेकते म्हणे. फेब्रुवारीत पुण्यात अपंगांच्या स्पर्धा आहेत, नाव दिले आहे. म्हणाली, मैदान हाय की अध्यक्ष, पर तितवर मला न्हेणार कोण? सर्वांदेखत जाहीर केले, मी! रोज सकाळी, माझ्या स्कूटरवरून!

२ जानेवारी
घसा बसला. विश्रांती आवश्यक. घसा ही चळवळीची मालमत्ता आहे.

६ जानेवारी
निघालो. वाटेत मिरजकर तिकटीच्या नाक्यावर चार विद्यार्थी भेटले, अपंगांच्या खेळाविषयी पूर्ण अज्ञानी. त्यांना जागे करून कळंब्याला पोचलो तर शालूबाई नाही. सौ. पद्मजाने तिला आपल्या लूना मोपेडवरून केव्हाच मैदानावर नेले होते. पद्मजा शाळेत शिक्षिका आहे, विचारांचा पल्ला लहान. ने-आण कार्यकर्त्याने करावी, दिशा नेत्याने द्यावी. ही वाटणी उत्तम.

१८ जानेवारी, दुपारी
आज प्रत्यक्ष कार्य! गोळा फेकताना खुर्ची डुगडुगते. कुणीतरी मागे उकिडवे बसून खुर्चीचे पाय घट्ट धरावे लागतात. मी धरले. धरल्या धरल्या सुचले की हीच खरी समाजाची भूमिका! बघ्यांना ते समजावताना उजवा हात आपोआप वर गेला. डावाही गेला. शालूबाई खुर्चीसकट आडवी. कोपर खरचटले. मातीतूनच ओरडली, ओ अध्यक्ष, धरायचं न्हाय तर सरका की बाजूला! पद्मजाने मला खरोखरच सरकवले आणि स्वतः बसली.
माझे हात आवाहनासाठी घडलेले आहेत, त्याला इलाज नाही.

२ फेब्रुवारी
ठरले! शालूबाईला एस.टी. स्टँडवर भव्य निरोप. फेटा, हार, हलगी. ती म्हणाली, हलगी कशाला, गाडीत उचलून बसवायला दोन माणसं आणा, लई झालं. साधी बाई. समारंभाशिवाय माणसाला बळ येत नाही हे तिला ठाऊक नाही. तिच्याबरोबर पद्मजा जाणार, खुर्ची धरायला.

८ फेब्रुवारी
प्रचंड यश! पुण्याची गाडी लागली होती. दोनच शब्द बोलायचे ठरवून उभा राहिलो. बाकावर बसलेल्या शालूबाईच्या कुबड्या उचलल्या आणि दोन्ही हातांनी उंच धरून गरजलो, या कुबड्या नव्हेत, हा आपल्या नाकर्तेपणाचा पुरावा आहे! हलगी कडाडली. आवेशात डोळे मिटले. मध्येच हॉर्न वाजला, तोही दाद म्हणूनच घेतला. डोळे उघडले तर गाडी गेलेली. हलगीवाला म्हणाला, पावणं, कंडक्टरनं आन् वहिनीनं बाईला उचलून आत घातली, तुमास्नी लई हाका मारल्या.
कुबड्या माझ्याच हातात.

९ फेब्रुवारी
आजच्या गाडीने कुबड्या पुण्याला पोचवणे हे प्रथम कर्तव्य. पण कागलला व्याख्यान आधीच ठरलेले. कुबड्या घेऊनच गेलो. परिणाम विलक्षण! मागच्या रांगेतल्या बायका रडल्या.

१२ फेब्रुवारी
शालूबाईने दुसरा नंबर काढला. कुबड्यांवाचून! पद्मजा आणि इतर खेळाडूंनी तिला उचलून खुर्चीत बसवले, खाली उतरवले. म्हणजे माझ्या भाषणाने पुण्यापर्यंत काम केले.
दुपारी पद्मजाने तिला लूनावरून घरी आणले, ओसरीवर टेकवले. शालूबाईने पदक बाजूला ठेवून विचारले, अध्यक्ष, माझ्या कुबड्या?
कागलच्या व्यासपीठावर राहिल्या.
हे सांगण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी आवश्यक होती. श्रोता समोर, शांत, उठून जाण्याची शक्यता नाही. असा योग क्वचित. डोळे मिटून विषयाला हात घातला. अपंग आणि समाज, प्राचीन काळापासून. ओघात कागलच्या व्यासपीठावर राहिलेल्या कुबड्यांचाही उल्लेख होऊन गेला.
मध्ययुगात आलो तेव्हा लूना सुरू झाल्याचा आवाज आला.
दोघी कागलला गेल्या. ओसरीवर मी एकटा.
बोलणे कमी झाले. संकल्प पहिला, पूर्ण.