पाण्याचा कणा

पिंपळटोला (वडसा)
८ जानेवारी २००१

चि. दामिनीस चंदाबाईचे अ. उ. आ.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या बहिणीने गांडुळं पाळली आहेत. हस, आधी पोटभर हसून घे. आपण मासे धरणाऱ्या धिवरांच्या लेकी, गांडूळ म्हणजे गळाला लावायचं, एवढंच आपल्याला ठाऊक. आता मी त्यांना शेण आणि पालापाचोळा भरवते. कृषीच्या साहेबांनी आमच्या बचत गटाला खताचा वाफा बांधून दिला आणि गटाच्या अध्यक्ष सत्यशीलाबाईंनी तो माझ्याकडे सोपवला. मार्चमध्ये साहेब बघायला येतील. खत चांगलं निघालं तर हे काम कायमचं माझं.

मला ते किती हवं आहे, कसं सांगू! रंभाचे बाबा तापाने गेले त्याला वर्ष होत आलं. दीर देवराव वडशाहून येतात नि म्हणतात, वहिनी, तुमचं इथी काय राह्यलं, माहेरी जा, रंभाले आमी नेतो. माहेरी आता कुलूप आहे हे त्यांना माहीत नाही का? आणि रंभाला कशाला नेतात तेही मला कळतं. त्यांच्या घरी तान्हं लेकरू आहे, ते कडेवर घेऊन फिरायला पोर हवी. मग कसली दुसरी इयत्ता नि कसली शाळा. माझी स्वतःची कमाई असली तरच मी नाही म्हणू शकते.

सासूबाई यात एक शब्द बोलत नाहीत. माझ्याशीही बोलत नाहीत. पण परवा माळ्यावरची जुनी पोती काढून माझ्यापुढे टाकली नि म्हणाल्या, वाफ्यावर झाक, किड्याईले ऊन लागन. मुलगा गेल्यापासून त्यांनी आपल्या हाताने मला दिलेली ही पहिली वस्तू. मी आत जाऊन रडले.

तू प्राणिशास्त्र शिकतेस. या जिवांना कसं जपायचं ते लवकर लिही. तुझ्या खोलीतल्या अमरीनला माझा आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
चंदाबाई


चंद्रपूर
१९ जानेवारी २००१

ती. बाईस दामिनीचा सा. न. वि. वि.

पाकिटावर तुझ्या नावाआधी मी गं. भा. लिहिलं नाही, म्हणून पोस्टमन काही बोलला तर बोलू दे. तू माझी मोठी बहीण, माझी बाई आहेस, तेवढं पुरे.

तुझं पत्र वाचून अमरीन म्हणाली, तुझी बहीण तर आपल्या सरांच्या पुढे गेली, आपण गांडूळ कापतो, ती पोसते. आमचा धडाच सध्या तो चालू आहे. गांडुळाला हाड नाही, तरी ते माती फोडत जातं. कशाच्या जोरावर? पोटातल्या पाण्याच्या. रंभा ती रंगीत पेप्सीची नळी चोखते ना, ती मधे दाबली की टोकाकडे लांब होते. तसंच. अंगाभोवतीचे गोल स्नायू आवळले की गांडूळ बारीक नि लांब होतं, लांबीचे आवळले की आखूड नि जाड. पाणी दबत नाही, म्हणून सगळा जोर पुढे जातो. आणि ते पाणी एकाच पिशवीत नसतं. कड्याकड्याला आतून पडदा आहे. एका कप्प्याला भोक पडलं तरी बाकीचे कप्पे भरलेले राहतात. आमच्या ट्रेमधलं एक तर टाचणी लागूनही चालत होतं.

म्हणजे पाणी हाच त्यांचा कणा. तेव्हा पोती कधी सुकू देऊ नकोस. दोन्ही वेळा चांगली भिजव. सासूबाईंना नमस्कार, रंभाला पापा. तुझ्या पाखरेखाली मला ठेव.

तुझी,
दामिनी


पिंपळटोला
६ फेब्रुवारी २००१

चि. दामिनीस अ. उ. आ.

गांडुळं मरत आहेत गं. आधी वर येऊन वळवळली. मग अंगाला चिकट पाणी सुटलं आणि आता चिंधीसारखी पडतात. हातात घेतली तर लोंबतात. तू सांगितलंस तशी मी पोती भिजवते. दोन्ही वेळाच नाही, येता-जाता घागर ओतते. जेवढं पाणी घालावं तेवढी जास्त मरतात. मी काय करू?

गावात बोलणं सुरू झालं आहे. काल नळावर बाया म्हणाल्या, विधवेच्या हातानं जीव वाढते का कधी? सत्यशीलाबाई समोर होत्या, त्यांनी मान खाली घातली. येत्या बैठकीत वाफा दुसरीकडे द्यायचं ठरवतील. देवरावांच्या कानावर हे वडशात कसं गेलं देव जाणे. निरोप आला आहे, रंभाचे कपडे बांधून ठेवा म्हणून. ती विचारते, आई, काकाकडं शाळा आहे का? मी आहे म्हणाले.

दामिनी, मला आता माझ्याच हाताची भीती वाटते. सकाळी वेणी घालताना तिच्या डोक्याला हात लावायला जीव धजत नाही. तुझ्या पुस्तकात काही असेल तर लिही. नसेल तरी लिही. धीर देणारं माणूस मला तूच.

तुझी,
चंदाबाई


चंद्रपूर
१४ फेब्रुवारी २००१

ती. बाईस सा. न. वि. वि.

आधी एक काम कर. पोती उचल आणि फेकून दे. हे वाचता वाचता उठ.

तुझं पत्र आल्यापासून मला अन्न गोड लागत नव्हतं. सरांना विचारलं, ते म्हणाले शेण ताजं असेल. पण तू शेण कुजवल्याशिवाय घालणार नाहीस. मग काल प्रॅक्टिकलला अमरीन नि मी मागच्या बाकावर चोरून पेरू खात होतो, तिखट-मीठ लावून. त्याच बोटांनी मी ट्रेमधलं गांडूळ उचललं. ते असं तडफडलं! अंगाला पाणी सुटलं आणि माझ्या बोटावर चिंधीसारखं पडलं. तुझाच शब्द आठवला. मीठ त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढतं, बाई. पाणी गेलं की कणा गेला.

माळ्यावरची जुनी पोती, लिहिलं होतंस तू. आपल्या लोकांच्या माळ्यावर दुसरी कसली पोती असणार? तलाव आटला की मासळीला लावायच्या मिठाची. आपल्याला तो वासही येत नाही, जन्मापासून नाकात आहे. आणि मी शहाणी तुला ती भिजवायला सांगत बसले! तू घागर ओतलीस आणि मीठ झिरपत खाली गेलं. तुझ्या हातात काही वाईट नाही गं. ऐकतेस ना? कोपऱ्यात कुठे पोतं पोचलं नसेल तर तिथे उकर, आणि ती गांडुळं नव्या मातीत ठेव. बैठकीत सगळ्यांना हे सांग. रंभाला जाऊ देऊ नकोस. मी तुझ्या पाठीशी आहे, हे विसरू नकोस.

तुझीच,
दामिनी


पिंपळटोला
२३ फेब्रुवारी २००१

चि. दामिनीस अ. उ. आ.

तुझं पत्र आलं ते नेमकं बैठकीच्या दिवशी. बाया आमच्याच अंगणात वाफ्याभोवती बसल्या होत्या. देवराव रंभाला न्यायला आले होते, तिची पिशवी त्यांच्या हातात होती. मी आत जाऊन पत्र वाचलं, बाहेर येऊन वाफ्याशी वाकले आणि पोत्याचा कोपरा जिभेला लावला. खारट. तोंड कडू होईस्तोवर खारट.

मग मी तिथेच उभी राहिले. सांगावं तर पोती कोणी दिली, असं विचारतील. ज्या माउलीने वर्षभरात एकदा माझ्याकडे हात पुढे केला, तिचं नाव चारचौघींत कसं घेऊ? सत्यशीलाबाई म्हणाल्या, चंदाबाई, तुमाले काही सांगाचं आहे का? मी नाही म्हणाले. रंभाने चप्पल घातली.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी पोतं चाखताना त्यांनी पाहिलं असणार. त्या उठून आल्या, तोच कोपरा आपल्या जिभेला लावला आणि थुंकल्या. मग सगळ्यांना म्हणाल्या, हे पोते मिठाचे आहेत, माह्या हातानं देल्ले, किडे मिठानं मेले. विधवेचा हात म्हणत असान तं मी बी रांडच आहो, दहा वर्सांपासून. तवा या हाताचं शिजवलेलं खाल्लं, तवा काऊन नाई बोलले? देवरावांकडे वळून म्हणाल्या, हिले माहेरी धाडतं तं मलेबी धाड, पण पोरगी शाळेत जाईन. आणि त्यांच्या हातातली पिशवी ओढून घेतली. देवराव तसेच बसस्टँडकडे गेले. राग आहे त्यांना, पुन्हा येतील. येऊ देत.

गटातल्या काही बाया अजून माझ्याकडे बघत नाहीत. वाफा जवळजवळ रिकामा आहे. विटांच्या आडच्या कोपऱ्यात एक झुपका जिवंत सापडला, तो मडक्यात नव्या मातीत ठेवला आहे. साहेब मार्चमध्ये येतील तेव्हा दाखवायला एवढंच. ते काय म्हणतील, माझं काय होईल, खरंच ठाऊक नाही. रात्री झोप येत नाही. पण रंभा आज शाळेत गेली आहे, वेणी मी घातली.

आणि एक सांगते. बाजारातून नवं गोणपाट आणलं आहे, सासूबाई ते मला मडक्यावर घालू देत नाहीत. रोज सकाळी त्याचा कोपरा आधी स्वतःच्या जिभेला लावून पाहतात, मगच माझ्या हातात देतात.

अशीच लिहीत जा. तुझ्या पत्राची इथे दोघी जणी वाट बघतात.

तुझी,
चंदाबाई