माझी सही कोणालाही नाही

मी, श्रीमती चारुलता श्यामसुंदर टिपणीस, वय ६८, राहणार वाशी, डोके पूर्ण ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र करते. कोणाच्या दडपणाखाली करत नाही. दडपण होते ते पोटच्या मुलाचे, आणि ते मी झुगारले आहे.

१. राहते घर सून सौ. स्मिता हिच्या एकटीच्या नावे व्हावे. चिरंजीव सुभाष यांनी तिच्या मर्जीने राहावे.

२. कारण लिहिते. जुन्या पोथ्यांची पारख करण्यात माझी सगळी नोकरी गेली. सुभाष मात्र एका दलालाबरोबर जुन्या वस्तूंचा व्यापार करतो. यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी त्याने 'साडेतीनशे वर्षांची' पोथी माझ्यापुढे ठेवली. एका नव्या देवळात ती बसवायची होती, फक्त माझे प्रमाणपत्र हवे होते. कागद जुना, शाईही बरी जमलेली. पण प्रत्येक पानाचा उजवा कोपरा थुंकी लावून उलटल्यासारखा मळवलेला! अहो, सुट्या पानांच्या पोथीचे पान दोन्ही हातांनी उचलून पालथे घालतात. आणि देवाच्या पोथीला उष्टे बोट कोण लावतो? बनवणाऱ्याने जन्मात पोथी वाचलेली नाही, मासिके चाळली असतील.

मी नकार दिला. सुभाष म्हणाला, "आई, लोक पाया पडणार ना? मग खरी-खोटी कोण बघतंय? आणि तू नसलीस तरी अडत नाही. तुझी सही मला येते. प्रगतिपुस्तकावर मीच ठोकायचो."

तेव्हा ती खोटी सही मी ओळखत असे. मेल्यावर ओळखायला मी नसेन, याचा मला फार संताप येतो.

३. म्हणून पाडव्यापासून मी सही करणे सोडले. बँकेत, पोस्टात, सोसायटीच्या नोटिशीवर डाव्या हाताचा अंगठा देते. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, तुम्ही आणि अंगठा?" म्हटले, "हो. अंगठेबहाद्दर झाले." त्या पोथीच्या प्रमाणपत्राखाली माझी सही कधीही दिसली तर ती खोटी समजावी, मग तारीख कोणतीही असो.

४. माझे भिंग दिवाळे गावच्या कोळीण पुतळाबाईंना द्यावे. मासळी देताना त्या म्हणतात, "बाय, मना आता म्हावऱ्याचा डोला पन दिसत नाय."

५. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, निदान इथे तरी सही करा. शिकलेल्या बाईच्या अंगठ्यावर कोर्ट शंका घेईल." घेऊ द्या. मी आयुष्यभर दुसरे काय केले?

डाव्या हाताचा अंगठा:
चारुलता श्यामसुंदर टिपणीस

अंगठा आमच्या डोळ्यांदेखत दिला:
सुधीर कर्णिक, शेजारी
डॉ. मीना प्रधान

वाशी, नवी मुंबई
१४ ऑगस्ट १९८६